ल्युबितेल : गिरवलेल्या अक्षराचा कॅमेरा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळेच्या हीरक महोत्सवात सर्वाधिक गर्दी कोठे होते, हे सांगण्यासाठी ज्योतिषी लागत नाही. ती जुन्या छायाचित्रांच्या फलकापुढे होते. साठी ओलांडलेली माणसे चष्मा कपाळावर सरकवून तिसऱ्या रांगेतील डावीकडून पाचवा मुलगा कोण, यावर तावातावाने वाद घालतात. मोठ्या समूहचित्रांच्या आजूबाजूला काही लहान चौकोनी छायाचित्रेही लावलेली असतात. पांढऱ्या कडेची, कोपरे किंचित दुमडलेली, सहलीतली, स्नेहसंमेलनातली, एखाद्या वर्गाच्या पायरीवरची. त्यांतील चित्राची बाजू मोजली तर ती बहुधा सहा सेंटिमीटरांच्या आसपास भरते. हा आकार कोणा कलावंताने ठरवलेला नव्हता. तो निगेटिव्हचाच आकार होता. निगेटिव्ह संवेदनशील कागदावर दाबून ठेवायची, क्षणभर दिवा लावायचा, कागद द्रावणातून काढायचा, की तेवढ्याच आकाराचे छायाचित्र तयार. यालाच कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. त्यासाठी महागडा एन्लार्जर लागत नाही. एक काच, एक लाल दिवा आणि दोनतीन तसराळी पुरतात.

ज्या फिल्मवर ही चित्रे निघत, तिचे नाव १२०. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये आपल्या एका साध्या पेटी-कॅमेऱ्यासाठी ती बाजारात आणली. १२० हा केवळ अनुक्रमांक आहे. त्याचा लांबीशी किंवा रुंदीशी काही संबंध नाही. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची ही फिल्म पाठीशी काळा कागद लावून चाकावर गुंडाळलेली असते आणि तीवर सहा बाय सहाची बारा चित्रे निघतात. पुढे सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे छोटे कॅमेरे आले. त्यांच्या एका चौकटीशी तुलना केली तर १२० फिल्मवरील चौकोनाचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते. स्टुडिओतील मोठ्या काचपट्ट्या आणि ही छोटी फिल्म यांच्या मधला हा आकार, म्हणून त्याला मध्यम आकार, मीडियम फॉरमॅट, असे म्हटले जाते.

आजचा विषय याच आकाराच्या, पण सोव्हिएत संघात बनलेल्या कॅमेऱ्यांचा आहे. मराठी शाळेच्या महोत्सवात लेनिनग्राड, कीव आणि क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यांचे काय काम, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. एक उत्तर सोपे आहे : यांतील सर्वांत प्रसिद्ध कॅमेरा शिकणाऱ्यांसाठी बनवलेला होता. दुसरे उत्तर थोडे अडचणीचे आहे. हे बहुतेक सारे कॅमेरे दुसऱ्या कोणाच्या तरी कॅमेऱ्यावरून उतरवून काढलेले होते. आणि पाहून काढणे केव्हा शिक्षण ठरते आणि केव्हा चोरी, हा तर प्रत्येक शाळेत दर परीक्षेला उभा राहणारा प्रश्न आहे.

लेनिनग्राडचा वेढा जानेवारी १९४४ मध्ये उठला. ८७२ दिवस ते शहर उपाशी होते आणि लाखो माणसे त्यात गेली. त्याच शहरातील राज्य प्रकाशीय-यांत्रिक कारखान्यातून, म्हणजे पुढे ज्याला लोमो हे नाव मिळाले त्या कारखान्यातून, १९४६ मध्ये 'कोम्सोमोलेत्स' नावाचा एक साधा कॅमेरा बाहेर पडला. कोम्सोमोल म्हणजे तरुणांची साम्यवादी संघटना. तिचा सभासद तो कोम्सोमोलेत्स. जे शहर दोन वर्षांपूर्वी पावाचा तुकडा तोलून वाटत होते, तेथे तरुण मुलांसाठी कॅमेरा करायला घेतला गेला, ही गोष्ट कारखान्याच्या नफातोट्यावरून समजून घेता येत नाही.

या कॅमेऱ्याचा मूळ नमुना जर्मन होता. ब्राउन्श्वाइग येथील फोख्टलेंडर कंपनीने १९३२ मध्ये 'ब्रिलियंट' नावाचा स्वस्त कॅमेरा काढला होता. एकावर एक दोन भिंगे : वरच्यातून पाहायचे, खालच्यातून चित्र घ्यायचे. वरच्या भिंगामागे तिरपा आरसा असतो आणि छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, वरून आत डोकावतो. देखावा उजळ दिसे, पण अंतर अचूक लागले आहे की नाही, हे मात्र त्यात दिसत नसे. ते अंदाजाने लावावे लागे. कोम्सोमोलेत्सनेही हीच मर्यादा जशीच्या तशी घेतली होती.

मग १९५० च्या आसपास आला 'ल्युबितेल'. आपल्याकडे अनेकांच्या तोंडी 'लुबिटेल' म्हणून राहिलेला तो हाच. रशियन भाषेत 'ल्युबीत' म्हणजे प्रेम करणे; त्यावरून 'ल्युबितेल', म्हणजे हौशी. मराठीत 'हौशी' हा शब्द कधी कौतुकाने येतो, तर कधी नाक मुरडून. रशियन शब्दालाही तीच दुहेरी छटा आहे. कारखान्याने तो शब्द बिनदिक्कत कॅमेऱ्याच्या कपाळावर लिहिला, यात एक प्रकारची प्रामाणिक नम्रता आहे. व्यावसायिकांचे म्हणून मिरवणारे कॅमेरे जगात पुष्कळ झाले, पण 'मी हौशी आहे' असे छातीवर लिहून वावरणारे थोडेच.

ल्युबितेलमध्ये वरच्या आणि खालच्या भिंगांच्या कडांना दाते पाडून ती दोन चक्रांसारखी एकमेकांत अडकवलेली होती. एक फिरवले की दुसरेही फिरे. वरच्या उजळ काचेच्या मध्यभागी दुधी काचेचा एक छोटा ठिपका ठेवलेला होता. त्या ठिपक्यात समोरचा चेहरा स्पष्ट झाला, की खालच्या भिंगातूनही तो फिल्मवर स्पष्ट उमटणार. ही युक्ती सर्वस्वी नवी नव्हती. ब्रिलियंटच्याच नंतरच्या एका आवृत्तीत ती होती. पण कोम्सोमोलेत्स ते ल्युबितेल या प्रवासात एक गोष्ट घडली. पहिल्या प्रयत्नात नुसता बाह्याकार उतरला होता. दुसऱ्या प्रयत्नात यंत्र उमजले होते.

मराठी शाळेत या प्रक्रियेला एक चांगला शब्द आहे : गिरवणे. बाई पाटीवर अक्षर काढून देतात आणि मूल त्यावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवते. त्या वेळी त्याला कोणी नक्कलखोर म्हणत नाही. कारण बोटांना वळण लागावे, यासाठीच तो खटाटोप असतो. अक्षर बाईंचे असते, वळण मुलाचे होते. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणारा मुलगाही वरवर तेच करतो. पण त्याच्या बोटांना काहीच लागत नाही, आणि शेजाऱ्याने गणित चुकवलेले असेल तर ती चूकही त्याच्याकडे इमानेइतबारे येते. सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या इतिहासात हे दोन्ही विद्यार्थी भेटतात.

ल्युबितेलची दुसरी आवृत्ती, ल्युबितेल-२, १९५५ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे बनत राहिली. तिचे शरीर बेकेलाइटचे, काळे आणि हलके. भिंग तीन काचांचे, ७५ मिलिमीटर केंद्रांतराचे. पूर्ण उघडे ठेवले तर कोपरे मऊ पडत. छिद्र लहान करून ११ वर आणले की तेच भिंग आश्चर्य वाटावे इतके रेखीव चित्र देई. शटरचे वेग पाचच, आणि बोट दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी 'बी' ही एक खूण. प्रकाशमापक नाही. बॅटरी नाही. फिल्म किती पुढे सरकली, हे पाठीमागच्या लाल खिडकीतून काळ्या कागदावरचा आकडा वाचून ठरवायचे.

आणि हा कॅमेरा छायाचित्रकारासाठी आपण होऊन काहीच करीत नसे. शटरची कळ ताणणे वेगळे, ती सोडणे वेगळे, फिल्म सरकवणे वेगळे. यांतील एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. फिल्म सरकवायला विसरले तर एकाच चौकटीवर दोन चित्रे बसत : आजीच्या चेहऱ्यातून रेल्वे स्थानकाचा खांब वर येई. चुकून दोनदा सरकवली तर एक चौकट कोरी जाई. वरच्या काचेत डावे ते उजवे दिसे, म्हणून समोरचा धावता मुलगा चौकटीत धरायला कॅमेरा नेमका उलट्या दिशेला वळवावा लागे. पहिल्या रोलमध्ये बाराच्या बारा चित्रे नीट आलेला नवशिका विरळाच.

पण याच कारणाने तो शिकवी. स्वयंचलित कॅमेऱ्यात चूक झाली तर ती का झाली, हे कळत नाही. ल्युबितेलमध्ये प्रत्येक चुकीचा पत्ता ठाऊक असे. अंधुक चित्र म्हणजे अंतर चुकले. हललेले चित्र म्हणजे वेग कमी पडला. काळवंडलेले चित्र म्हणजे आकाशाचा अंदाज चुकला. फिल्मच्या वेष्टनावर ऊन, ढग, सावली यांचे तक्ते छापलेले असत आणि त्या तक्त्यांच्या आधाराने मूल काही महिन्यांत नुसत्या डोळ्यांनी प्रकाश मोजू लागे. बारा चौकटींचा हिशेबही असाच कामी येई. तेरावी संधी नसल्यामुळे बोट दाबण्यापूर्वी माणूस थांबत असे.

१९७६ मध्ये ल्युबितेल-१६६ हा सुधारलेला कॅमेरा आला. त्यात चौकटी मोजणारे यंत्र होते आणि फिल्म सरकवताना शटरही आपोआप ताणले जाई. चारच वर्षांनी आलेल्या १६६-बी मध्ये मात्र ही सोय काढून टाकलेली होती आणि लाल खिडकी परत आली होती. जुन्या वस्तूंचे संग्राहक या माघारीला हसतात. हसू नये. मोजणारे यंत्र बिघडले की सगळा कॅमेरा अडतो; लाल खिडकी बिघडायला तीत काही नसतेच.

सोव्हिएत संघात मुलांच्या छायाचित्रणाला शाळेबाहेरचे एक घर होते. मोठ्या शहरांत 'पायोनियर प्रासाद' असत. लेनिनग्राडमध्ये तर झारच्या घराण्यातील अनिच्कोव्ह राजवाडाच १९३७ मध्ये मुलांच्या हवाली केला गेला होता. अशा संस्थांमधून बुद्धिबळ, विमानांच्या प्रतिकृती आणि वाद्ये यांच्याबरोबर छायाचित्रण मंडळेही चालत. घरी डार्करूम नसे. सामायिक सदनिकेतील न्हाणीघर रात्री दोन तास मिळाले तरी पुष्कळ. १२० फिल्मवर कॉन्टॅक्ट प्रिंट काढता येत असल्यामुळे एन्लार्जरविनाही काम चाले. शोस्तका येथील 'स्वेमा' कारखान्याची फिल्म मिळे. मिन्स्कच्या कारखान्याने तर १९६२ मध्ये याच फिल्मवर चालणाऱ्या एका अतिशय साध्या कॅमेऱ्याचे नाव सरळ 'श्कोल्निक' ठेवले. श्कोल्निक म्हणजे शाळकरी मुलगा.

मुले आणि कॅमेरे यांचा सोव्हिएत संबंध त्याहूनही जुना आहे, पण तो सांगताना थोडे जपून बोलावे लागते. युक्रेनमधील खार्किवजवळ १९२७ मध्ये अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी एक वसाहत उघडली. तिचा प्रमुख होता शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. तेथील मुले अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस कारखान्यात असत. त्यांनी आधी फर्निचर केले, मग विजेवर चालणारे ड्रिल केले, आणि १९३४ मध्ये जर्मन लायकावरून उतरवलेला 'फेद' हा छोटा, ३५ मिलिमीटरचा कॅमेरा मोठ्या संख्येने बनवायला घेतला. शतांश मिलिमीटरची चूकही जेथे खपत नाही, असे काम कालपर्यंत खिसे कापणाऱ्या हातांनी करून दाखवले. शिक्षणाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत. मात्र 'फेद' ही फेलिक्स एद्मुंदोविच द्झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे आहेत. हा गृहस्थ सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक, आणि वसाहतही त्याच खात्याच्या छत्राखाली चालत असे. मुलांचे कौशल्य खरे होते आणि छत्राची सावलीही खरी होती. यांतील एक सांगून दुसरे गाळणे योग्य नाही.

मध्यम आकाराकडे परत येऊ. युद्ध संपल्यावर जर्मनीतून युद्धभरपाई म्हणून यंत्रे, आराखडे, सुटे भाग, काही ठिकाणी कारागीरही सोव्हिएत कारखान्यांकडे आले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे १९४६ पासून 'मोस्क्वा' हा घडीचा कॅमेरा बनू लागला. झाईस इकॉनच्या 'सुपर इकोंटा'चा तो जुळा भाऊ. झाकण उघडले की चामडी भाता पुढे येतो, त्यावर भिंग असते, आणि मिटवले की कोटाच्या मोठ्या खिशात मावतो. तो १२० फिल्मवरच सहा बाय नऊची आठ चित्रे घेई. पाचव्या आवृत्तीत आतली चौकट बदलून सहा बाय सहाची बारा चित्रेही घेता येत. हा कॅमेरा दणकट आणि विश्वासू निघाला. आजही अनेक मोस्क्वा चालू स्थितीत सापडतात. याच कारखान्याने १९६० च्या सुमारास थोडी वर्षे 'इस्क्रा' हा चौकोनी चित्रांचा देखणा घडीचा कॅमेरा काढला. त्याच्या भिंगाची तारीफ जाणकार अजून करतात. चौकटी मोजणाऱ्या त्याच्या यंत्राची मात्र कोणी करीत नाही.

आता दुसरा विद्यार्थी.

कीवमधील 'आर्सेनाल' हा कारखाना १७६४ पासूनचा, नावाप्रमाणेच शस्त्रांचा. सोव्हिएत काळात तो लष्करी आणि अवकाशातील प्रकाशीय उपकरणे करीत असे. कॅमेरे हा त्याचा जोडधंदा होता. लोमो आणि क्रास्नोगोर्स्क यांचेही तसेच. स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये एक अपूर्व कॅमेरा जगापुढे ठेवला होता : घनाकार, ज्याचे भिंग, पाहण्याची खिडकी आणि फिल्मची पेटी, सारे सुटे होते. अर्धा रोल झाला असतानाही पेटी बदलून दुसरी फिल्म लावता येई. आर्सेनालने तो कॅमेरा समोर ठेवून 'सल्यूत' बनवला. सल्यूत म्हणजे तोफांची मानवंदना, किंवा आतषबाजी.

मूळ हॅसलब्लाडचे एक दुखणे होते. त्याच्या शटरचे पडदे अतिशय पातळ धातूच्या पत्र्याचे होते आणि फिल्मच्या अगदी पुढ्यात विलक्षण वेगाने धावत. ते सुरकुतत, अडकत, वेग चुकवत. कंपनीने सर्वाधिक वेग उतरवून पाहिला, दुरुस्त्या केल्या, आणि अखेर १९५७ मध्ये तो मार्गच सोडून दिला : नव्या ५००-सी मध्ये शटर भिंगाच्या आत बसवले. बारा वर्षांनी चंद्रावर गेलेले कॅमेरे याच वंशातले. आणि जवळपास त्याच सुमारास, जेव्हा गुरूने ती पाटी पुसली, तेव्हा कीवमध्ये सल्यूतचे उत्पादन सुरू होत होते. जुन्या, पुसलेल्या पाटीवरून. शेजाऱ्याचे चुकलेले गणित असे उत्तरपत्रिकेत आले.

सल्यूतचे पुढे सल्यूत-एस झाले आणि १९८० च्या आसपास त्याचेच 'कीव-८८' झाले. पडद्यांचे दुखणे कायम राहिले. या कॅमेऱ्याबरोबर एक कडक नियम येई : शटर ताणल्यानंतरच वेगाची तबकडी फिरवायची, त्याआधी कदापि नाही. नियम मोडला तर आतील दाते बिघडण्याची भीती. पश्चिमेकडील छायाचित्रकारांनी त्याला 'हॅसलब्लाडस्की' असे टोपणनाव दिले होते. त्यात थट्टा होती आणि थोडी हावही होती, कारण हॅसलब्लाडच्या किमतीच्या एका लहानशा अंशात तो मिळे. त्याच कारखान्याचा 'कीव-६०', १९८४ चा, वेगळ्या घडणीचा होता. त्याला पूर्व जर्मनीतील पेंटाकॉन सिक्सची भिंगे बसत. तो अधिक साधा आणि म्हणून अधिक टिकाऊ, तरी दोन चित्रांमधील जागा कमीजास्त होऊन ती एकमेकांवर चढण्याची तक्रार त्याच्याबाबतही होतीच.

हे असे का व्हावे? आर्सेनालमधील माणसे अडाणी नव्हती. अवकाशयानांची उपकरणे करणाऱ्यांना पातळ पत्र्याचा पडदा जमू नये, हे पटत नाही. कीवची भिंगे पाहिली की ही शंका बळावते. वेगा-१२, व्होल्ना-३, पंचेचाळीस मिलिमीटरचे मीर-२६, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १८० अंशांचे दृश्य घेणारे झोदियाक-८ : ही भिंगे आजही आधुनिक कॅमेऱ्यांवर अडॅप्टर लावून वापरली जातात. काच घासणारे हात उत्तम होते. कमतरता काचेच्या पलीकडे, जुळणीच्या आणि तपासणीच्या टेबलावर होती. सोव्हिएत उद्योगात महिन्याचे लक्ष्य पुरे करण्यासाठी शेवटच्या आठवड्यात जी धावपळ होई, तिला 'श्तुर्मोव्श्चिना', म्हणजे हल्ला चढवणे, असा शब्दच होता. चतुर गिऱ्हाईक वस्तूच्या कागदावरील तारीख पाही आणि महिनाअखेरीची वस्तू टाळी. सोपे उपकरण असल्या घाईतूनही सुखरूप बाहेर पडते. ल्युबितेलमध्ये घाईने बिघडावे असे फार नव्हतेच. कीव-८८ मध्ये शेकडो भाग एकमेकांशी अचूक जुळायचे असत, आणि ते जुळवायला वेळ लागतो. नगांची संख्या मोजणाऱ्या योजनेत तो वेळ कोणाच्याच खात्यावर नव्हता.

याचा पुरावा पुढे मिळाला. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर कीवमधल्याच काही छोट्या कार्यशाळांनी हेच कॅमेरे घेतले, पूर्ण उघडले, प्रत्येक भाग तपासून घासला, धातूच्या पडद्यांऐवजी कापडी पडदे बसवले, आतल्या चकाकणाऱ्या भिंती काळ्या केल्या आणि मग ते जगभर विकले. तोच आराखडा, तेच शहर, बऱ्याच अंशी तेच कारागीर. पण आता एका कॅमेऱ्यावर हवे तितके दिवस घालवण्याची मुभा होती. ते कॅमेरे चांगले चालतात. कीव-८८ ला स्वतःचे वळण लागायला अशी चाळीस वर्षे जावी लागली. मूळ कारखान्यातील कॅमेऱ्यांचे उत्पादन तोवर संपत आले होते.

भारतात या वस्तू दोन वाटांनी आल्या. रुपयांत होणाऱ्या सोव्हिएत व्यापारामुळे परकीय चलनाची टंचाई असलेल्या काळातही रशियन माल येथे मिळू शके. आणि मॉस्को, लेनिनग्राड, कीव येथे शिकायला किंवा प्रशिक्षणाला गेलेले अभियंते, डॉक्टर परतताना कॅमेरा आणीत. ज्या मराठी घरांत प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची स्वस्त, सुरेख चित्रांची मराठी पुस्तके होती, त्यांतील काही घरांत ल्युबितेलही असे. अर्थात आपल्याकडे घरोघरी पोचला तो बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-३. तोही १२० फिल्मवरचा, तोही चौकोनी चित्रांचा, आणि ल्युबितेलहूनही सोपा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घालून त्याने कित्येक बारशी, मुंजी आणि निरोपसमारंभ टिपले. फलकावरील चौकोनांपैकी पुष्कळ त्याचेच असतील. ल्युबितेल त्या मानाने थोड्यांकडे होता. ज्याच्याकडे असे त्याला मात्र वर्गातली मुले गराडा घालीत, कारण वरून डोकावल्यावर उजळ काचेत अख्खे मैदान उलटे चालताना दिसे.

२००८ मध्ये व्हिएन्नाच्या लोमोग्राफी मंडळींनी ल्युबितेल नव्याने बनवून विकायला काढला. मूळ कॅमेरा गरिबांचा होता, हा शौकिनांचा आहे, आणि किंमतही शौकिनांचीच. तरीही जुने नग अजून जुन्या बाजारांत, माळ्यांवर, पेट्यांच्या तळाशी सापडतात. बहुतेकांचे एकच दुखणे असते : दोन भिंगांच्या दात्यांतील ग्रीस पन्नास वर्षांत घट्ट होऊन चाके फिरेनाशी होतात. ताकद लावू नये, दाते तुटतात. जाणकार दुरुस्तीवाला भिंग उघडून जुने ग्रीस पुसतो, नवे लावतो, आणि कॅमेरा पुन्हा चालतो.

त्याआधी मात्र एक काम करावे. महोत्सवाच्या निमित्ताने जुनी कपाटे उघडली जातील आणि एखाद्या घरी आजोबांचा, मामांचा, निवृत्त सरांचा ल्युबितेल किंवा क्लिक हाती येईल. मुलांचा पहिला उत्साह पाठीमागचे झाकण उघडून पाहण्याचा असतो. तो आवरावा. कॅमेरा सावलीत नेऊन लाल खिडकीतून आत पाहावे. तेथे काळेपणाशिवाय काही नसेल तर खुशाल उघडावा. पण कागद दिसला, त्यावर आकडा दिसला, चार, सात, अकरा, कोणताही, तर आत फिल्म आहे, आणि कोणीतरी तो रोल अर्धवट सोडून गेले आहे. न धुतलेल्या फिल्मवरील प्रतिमा सुप्त असते. कृष्णधवल फिल्मवर ती फिकट होत होत का होईना, कित्येक दशके टिकू शकते. झाकण उघडले तर एका क्षणात जाते. म्हणून वरचा गोल खिट्टा हळूहळू, सक्ती न करता, बाणाच्या दिशेने फिरवत राहावा. बारा येऊन जाईल, मग कागद संपेल आणि खिट्टा सैल लागेल. त्यानंतर अंधाऱ्या जागी झाकण उघडून रोल काढावा, सुटू न देता त्याची पट्टी चिकटवावी, काळ्या कागदात गुंडाळावा, आणि कृष्णधवल फिल्म अजूनही हाताने धुणाऱ्या माणसाकडे द्यावा. तो कोणत्या साली घेतलेला असावा याचा अंदाज असेल, तर तोही सोबत चिठ्ठीवर लिहावा. जुन्या फिल्मला द्रावणात किती वेळ ठेवायचे, हे त्यावरून ठरते.